पत्ता टाकावा केव्हा?

ज्याच्या हाती दुसऱ्याला रोखण्याचे सामर्थ्य आहे, त्याने ते केव्हा वापरावे आणि केव्हा आवरून धरावे, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. तो राजाला पडतो, न्यायाधीशाला पडतो आणि घरातील आईबापांना तर दिवसातून चार वेळा पडतो. हात लवकर उगारला तर अन्याय होतो, उशिरा उगारला तर अनर्थ ओढवतो. आणि लवकर कशाला म्हणावे व उशीर कशाला म्हणावे, हे सांगणारे घड्याळ अद्याप कोणी घडविलेले नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही एका खेळाच्या आधाराने करणार आहोत. खेळ पत्त्यांचा आहे. मात्र आपल्या मेंढीकोटासारखा घरगुती नाही. तो अमेरिकेत जन्मला, जगभर पसरला आणि परदेशी शिकावयास गेलेल्या मुलांच्या सामानातून आपल्याही काही घरांत येऊन पोहोचला.

धर्मगुरूने पत्त्यांवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यांच्यापुढे आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची साक्ष ठेवतो. आपल्या 'सुम्मा थिओलोजिए' या महाग्रंथात त्यांनी खेळाचा व विनोदाचा स्वतंत्र विचार केला आहे. श्रमाने शरीर थकते तसे मनही थकते, मनाला विसावा लागतो आणि तो खेळातून मिळतो. म्हणून खेळात प्रमाण राखणे हा सद्गुण होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. खेळात वाहवत जाणारा जसा चुकतो, तसाच स्वतः कधी न हसणारा आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालणाराही चुकतो, इथपर्यंत ते जातात. तेव्हा खेळाचा विचार हा नीतीच्या प्रांताबाहेरचा नव्हे. उलट, खेळात माणूस निर्धास्त असतो, म्हणून त्याचा स्वभाव तेथे लवकर उघडा पडतो.

या खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला व १९९३ साली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो बाजारात आणला. आपल्या बावन्न पत्त्यांच्या जोडात सर्वांना एकच जोड वाटला जातो. येथे तसे नाही. हजारो निरनिराळ्या पत्त्यांतून प्रत्येकाने स्वतःचा जोड जुळवून आणायचा असतो. प्रत्येक पत्त्यावर त्याचे काम लिहिलेले असते. काही पत्ते भूमीचे. त्यांतून 'मॅना' नावाची शक्ती मिळते व ती खर्चून बाकीचे पत्ते खेळता येतात. काही पत्ते योद्ध्यांचे व प्राण्यांचे. ते पटावर उतरतात, हल्ला करतात, अडवतात. मूळ खेळ दोघांचा. परंतु अलास्कातील काही खेळाडूंनी चारचौघांत बसून खेळण्याची एक तऱ्हा सुरू केली, ती लोकप्रिय झाली आणि २०११ साली कंपनीनेच तिच्यासाठी तयार संच काढले. तिला 'कमांडर' म्हणतात. यात प्रत्येकाचा जोड १०० पत्त्यांचा, मूळ भूमी वगळता कोणताही पत्ता एकदाच घ्यावयाचा, आयुष्याचे गुण ४०, आणि बहुधा चार खेळाडू. मेंढीकोटात दोघे विरुद्ध दोघे असतात. येथे जोडीदार कोणी नाही. प्रत्येकजण एकटा, आणि अखेर उरणारा एकच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या खेळात 'रिमूव्हल' नावाचा पत्त्यांचा एक वर्ग आहे. समोरच्याने उतरविलेला पत्ता पटावरून हटविणे हे त्याचे काम. मेंढीकोटात हुकूम मारावा केव्हा, हे ज्याला कळले त्याला खेळ कळला असे आपण म्हणतो. तसेच येथे रिमूव्हलचे आहे. १९९३ सालच्या पहिल्याच संचात अशा एका पत्त्याचे नाव 'स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स' असे ठेवण्यात आले. तलवारींचे नांगराचे फाळ होतील, हे यशया संदेष्ट्याचे भविष्यकथन आपल्या परिचयाचे आहे. त्यावरूनच हे नाव घेतले. पत्त्याचे काम नावाला साजेसे आहे. केवळ एक मॅना खर्चून कोणताही एक प्राणी डावातून कायमचा बाहेर काढता येतो. परंतु ज्याचा तो प्राणी होता त्याच्या आयुष्यात त्या प्राण्याच्या बळाइतके गुण वाढतात. लढवय्या लढाई सोडून शेतावर गेला, एवढाच त्याचा अर्थ. त्याच संचात आणखी एक पत्ता होता, 'रॅथ ऑफ गॉड', म्हणजे देवाचा कोप. चार मॅना खर्चून तो पटावरील सर्वच प्राणी नष्ट करतो. परक्यांचे आणि आपलेही. एक पत्ता नेमका वार करतो, दुसरा सरसकट. या दोहोंमधील निवडीतच नीतीचा अर्धा प्रश्न सामावलेला आहे.

दोघांच्या डावात हिशेब सरळ असतो. तुमचा एक पत्ता खर्च झाला, प्रतिस्पर्ध्याचा एक गेला; फिटंफाट झाली. चौघे बसले की हा हिशेब मोडतो. पत्ता तुमचा खर्च झाला, नुकसान समोरच्याचे झाले, आणि उरलेल्या दोघांनी काहीही न करता लाभ पदरात पाडून घेतला. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. म्हणून नवशिका खेळाडू जे पहिल्यांदा करतो, म्हणजे दिसला प्राणी की हटव, ते चौघांच्या डावात त्यालाच दरिद्री करते. तो साऱ्यांवर पहारा करीत बसतो, हात रिता करून घेतो आणि खरे संकट उभे राहते तेव्हा त्याच्यापाशी काही उरलेले नसते.

यावरून कोणी म्हणेल की शहाण्याने पत्ता टाकूच नये, जपून ठेवावा. हीसुद्धा फसगत आहे. या खेळाचा एक नियम फार बोधक आहे. कोणी पत्ता खेळला की तो तत्काळ लागू होत नाही. पाळीच्या क्रमाने प्रत्येकाला त्यावर उत्तर देण्याची संधी मिळते. सर्वांनी ओळीने नकार दिला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पास' म्हटले, की मगच तो लागू होतो. आता कल्पना करा : एकाने डाव जिंकून देणारी चाल केली आहे. पहिल्यापाशी उत्तर आहे, पण तो म्हणतो, माझ्यानंतर दोघे आहेत, खर्च ते करतील. तो पास म्हणतो. दुसराही तसाच विचार करतो. तिसऱ्यापाशी उत्तर नसतेच. चाल लागू होते आणि हाती उत्तर असलेले दोघे, ते उत्तर हाती धरूनच, हरतात.

ही गोष्ट केवळ पत्त्यांच्या टेबलावर घडते असे नाही. एखाद्या सभेत चुकीचा ठराव पुढे येतो, तो चुकीचा आहे हे पाचदहा जणांना ठाऊक असते, पण दुसरा कोणी बोलेल म्हणून प्रत्येकजण खाली पाहतो आणि ठराव एकमताने संमत होतो. वाईटपणा दुसऱ्याने घ्यावा आणि फळ सर्वांना मिळावे ही इच्छा मोठी स्वाभाविक आहे. परंतु प्रत्येकाने ती धरली की फळ कोणालाच मिळत नाही. मौन हीदेखील एक चाल असते आणि तिचाही हिशेब द्यावा लागतो.

तर मग पत्ता टाकावा केव्हा? एक डाव मांडून पाहू. खेळाडूंना आपण दिशांची नावे देऊ. दक्षिणेला तुम्ही आहात. तुमच्या हाती स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स आहे, आणि तेवढेच. पूर्वेकडील खेळाडूने ६ बळाचा एक उडणारा ड्रॅगन उतरविला आहे व तो पश्चिमेवर वार करीत आहे. पश्चिमेचे केवळ १२ गुण उरले आहेत, म्हणजे आणखी दोन वारांत ती बाद. उत्तरेकडील खेळाडू मात्र शांत आहे. त्याच्यासमोर एकही प्राणी नाही. आहे ती 'रिस्टिक स्टडी' नावाची, २००० साली निघालेली एक मोहिनी. इतर कोणी पत्ता खेळला आणि वरून एक जादा मॅना भरला नाही, तर उत्तरेने एक पत्ता ओढायचा, एवढेच तिचे काम. कोणालाही जखम होत नाही. प्रत्येकजण घाईत असतो, तो एक मॅना भरावयाचे टाळतो आणि उत्तरेचा हात फुगत जातो.

टेबलावरील सर्वांचे डोळे ड्रॅगनकडे लागलेले असतात. तो मोठा आहे, त्याचे चित्र भयानक आहे, तो दर पाळीला कोणाला तरी जखमी करतो. परंतु डाव कोण जिंकत आहे असे विचाराल, तर उत्तर आहे उत्तरेकडचा. ज्याच्या हाती सर्वांहून अधिक पत्ते, त्याच्या हाती सर्वांहून अधिक उत्तरे. आणि तुमचा पत्ता तर केवळ प्राण्यांवर चालतो. मोहिनीपुढे तो निरुपयोगी आहे. पटावरील तशी मोहिनी मोडणारे पत्ते कदाचित पश्चिमेच्या जोडात असतील, आणि तीच तर मरणपंथाला लागली आहे.

अशा वेळी तुम्ही ड्रॅगन हटवलात तर पश्चिम वाचेल, पूर्वेचे ६ गुण वाढतील, तुमचा हात रिता होईल आणि उत्तरेकडचा मनातल्या मनात तुमचे आभार मानील. काहीच केले नाही तर पश्चिम जाईल आणि तिच्याबरोबर मोहिनीवरचा संभाव्य उतारही जाईल. शेजाऱ्याचे नुकसान तो आपला फायदा, हा हिशेब येथे साफ खोटा ठरतो. मग मार्ग कोणता? प्रथम बोलावे. पूर्वेला सांगावे : 'बाबा रे, पश्चिमेला मारून तुला काय मिळणार? उत्तरेसमोर तुला अडवणारा एकही प्राणी नाही. तुझा ड्रॅगन तिकडे वळव.' बोलण्याला मॅना लागत नाही. पूर्वेने ऐकले, तर जो ड्रॅगन संकट होता तोच उपाय झाला, आणि तुमचा पत्ता तुमच्याच हाती राहिला. ऐकले नाही आणि शेवटचा वार पश्चिमेवर पडू लागला, तर मात्र कचरू नये. त्या क्षणी पत्ता टाकावा. तो पत्ता दुसऱ्याच्या पाळीतही टाकता येतो, म्हणूनच तर अखेरच्या क्षणापर्यंत थांबता येते.

आम्हांस या छोट्या डावात ख्रिस्तसभेने बळाच्या वापराविषयी शतकानुशतके केलेल्या विचाराची रेखाकृती दिसते. खेळ आणि युद्ध यांत महदंतर आहे, हे सांगावयास नको. तथापि विवेकाची वाट दोन्हीकडे सारखी आहे. न्याय्य युद्धासाठी संत थॉमस तीन अटी घालतात : अधिकार, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत कसोट्या आणखी स्पष्ट केल्या आहेत : होणारी हानी गंभीर व निश्चित असावी, अन्य उपाय थकलेले असावेत, यशाची खरी आशा असावी, आणि उपायातून मूळ रोगाहून मोठा रोग जन्मास येऊ नये.

यांतील पहिली कसोटी आपल्याला ड्रॅगन आणि मोहिनी यांतला फरक करावयास शिकवते. जे डोळ्यांत भरते ते संकट असतेच असे नाही, आणि खरे संकट बहुधा आवाज करीत नाही. दुसरी कसोटी सांगते की पत्त्याआधी शब्द वापरून पाहावा. तिसरी सांगते की निरुपयोगी वार करू नये. चौथी सरसकट वाराविषयी आहे. निदण काढताना गहूही उपटला जाईल म्हणून शेतमालकाने नोकरांना थांबविले, तो दाखला सर्वांना ठाऊक आहे. रॅथ ऑफ गॉड खेळणाऱ्याने तो आठवावा. एका प्राण्याच्या भयाने चौघांचा पट पुसून टाकला तर ज्याने कोणाचे काही बिघडवले नव्हते तोही नागवला जातो. तरी असा पत्ता कधीच टाकू नये असे आम्ही म्हणणार नाही. एकाची सेना इतकी वाढली की पुढच्या पाळीला तिघेही संपणार, तेव्हा पट पुसणे हीच तिघांवरची दया असते. दाखल्यातील मालकानेही निदण कायमचे राहू द्या असे सांगितले नव्हते. कापणीपर्यंत थांबा, एवढेच सांगितले होते.

सर्वांत कठीण आहे ती हेतूची कसोटी. या टेबलावर राजा नाही, पंच नाही. प्रत्येकजण वादीही आहे, वकीलही आहे आणि न्यायाधीशही. अशा ठिकाणी मन फार चतुरपणे कारणे शोधते. 'त्याने मघाशी माझा पत्ता घालवला' हे एक कारण. सूडाने पेटलेले दोघे एकमेकांवर पत्ते उधळीत राहतात आणि तिसरा डाव घेऊन जातो. 'तो नेहमीच जिंकतो, आधी त्याला धरा' हे दुसरे. मागच्या रविवारच्या विजयाची शिक्षा या रविवारी, पटावर अजून काहीही नसताना देणे, यात न्याय कोठे आहे? माणसाची जुनी ओळख सावध राहण्यास पुरेशी असते, शिक्षा देण्यास नव्हे. तिसरे कारण सर्वांत हीन : जो दुबळा आहे, उलट वार करू शकणार नाही, त्याच्यावर पत्ता टाकणे सोपे असते. चौघांच्या डावात पहिला बाद होणारा कधी कधी तासभर नुसता बसून राहतो. ज्याला काही कारण नसताना तसे बसवले जाते, तो पुढच्या वेळी येत नाही. एकट्याने हा खेळ खेळता येत नाही, हे जिंकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे.

वचनाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. या डावात करारमदार फार होतात. 'तू उत्तरेवर चालून जा, मी तुझा ड्रॅगन हटवणार नाही,' असे तुम्ही पूर्वेला सांगता. खेळाचे नियम असा करार कोणावरही बंधनकारक करीत नाहीत. मोडला तर गुण कापले जात नाहीत, दंड होत नाही. शब्द केवळ शब्द असतो, आणि म्हणूनच तो देणाऱ्याची किंमत तेथे कळते. आमचे मत असे की वचन द्यावयाचे तर त्याची मुदत आधीच सांगावी : 'तुझ्या पुढच्या पाळीपर्यंत', किंवा 'उत्तर बाद होईपर्यंत'. मुदत संपल्यावर पत्ता टाकणे हा विश्वासघात होत नाही. मुदतीत टाकणे हा होतो, मग तो खेळात असला तरी. खेळात तर फसवणूक चालतेच, असे कोणी म्हणेल. हातातला पत्ता लपवणे हा खेळाचा भाग आहे, हे खरे; दिलेला शब्द फिरवणे हा स्वभावाचा भाग आहे.

इतके झाल्यावर खेळ आणि जीवन यांतील भेदही सांगितला पाहिजे, नाहीतर लेखाचा भलताच अर्थ निघेल. रिमूव्हल पत्त्याला हटवते, खेळाडूला नव्हे. ज्याचा ड्रॅगन गेला तो समोरच बसलेला असतो, त्याची पाळी पुन्हा येते. ज्याच्यावरून या तऱ्हेला नाव पडले तो प्रत्येकाचा सरदार, म्हणजे कमांडर, हटवला तरी आपल्या राखीव जागी परततो आणि त्याला पुन्हा उतरवता येते. प्रत्येक खेपेस दोन मॅना अधिक मोजावे लागतात एवढेच. शिवाय या वर्गातील काही नामांकित पत्ते जे घेतात त्याच्या बदल्यात काही देतात. स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स गुण देतो. २००९ सालचा 'पाथ टू एक्झाइल' प्राणी नेतो, पण त्याच्या मालकाला आपल्या जोडातून एक मूळ भूमी शोधून पटावर आणू देतो. २०११ सालचा 'बीस्ट विदिन' पटावरील हवा तो पत्ता मोडतो, पण त्या जागी ३ बळाचे एक जनावर मालकाला देऊन जातो. हे पत्ते स्वस्त व बलवान असावेत म्हणून रचणाऱ्यांनी ही भरपाई घातली असेल. आम्हांस मात्र त्यात एक शिकवण दिसते. ज्याचे काही काढून घ्यावे लागले, त्याला पुन्हा उभे राहण्यापुरते काही द्यावे.

घरात, संस्थेत, धर्मग्रामात आपल्यालाही हटवावे लागते. कोणाच्या हातून जबाबदारी काढून घ्यावी लागते, मुलाच्या हातून एखादी वस्तू, मित्राच्या हातून बाटली. तेथे आपण पुष्कळदा पत्ता हटवण्याऐवजी माणूसच हटवतो. चूक काढून टाकावयाची असते आणि आपण नातेच काढून टाकतो. आणि माणूस एकदा उठून गेला की त्याला परत आणण्यास दोन मॅना पुरत नाहीत.

म्हणून तरुण खेळाडूंना, आणि त्यांच्या निमित्ताने आपणां सर्वांना, आमचे सांगणे थोडे आहे. हात उचलण्याआधी स्वतःला विचारावे : हे संकट सर्वांचे आहे, की केवळ माझ्या अभिमानाचे? शब्दाने काम होईल काय? माझ्या वाराखाली निरपराध कोण सापडेल? या तिन्हींची उत्तरे नीट मिळाली आणि तरीही वेळ आली, तर मग शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसू नये. ज्याच्या हाती उत्तर आहे, त्याने ते द्यावे. त्याचा खर्च सोसावा. आणि ज्याचा पत्ता गेला त्याची पाळी आली म्हणजे त्याचे पुढचे खेळणे शांतपणे पाहावे.